दिली? घेतली!

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच विहीर आली असेल, नाहीतर कपडे वाळत घातलेली गच्ची. येऊ दे. पण मी त्यातला नाही. उभ्या आयुष्यात मी एक बादली ओढली नाही आणि ओल्या चादरीला तर अंगाला हात लावू दिला नाही. मी मुलं सांभाळली. हसताय काय? खरंच सांगतो, मी पाळणाघरात नोकरीला होतो आणि माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली. हात मला नाहीत हे मलाही माहीत आहे, बोलायची पद्धत असते एकेक.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक नवरा-बायको दोर वळायचे. नवरा एका टोकाला चाक फिरवायचा आणि बायको सुताचे पदर हातात धरून मागे मागे चालत जायची. दिवसभर त्यांच्यात बोलणं म्हणजे ‘आवळ’ आणि ‘सोड’ एवढंच. तरी त्यांचा संसार सुखाचा होता असं मला वाटतं, कारण त्यांनी वळलेला एकही दोर कधी उकलला नाही. एका तंबूवाल्यासाठी त्यांनी मोठा दोर वळला, तो मापाने कापून दिला आणि शेवटचा तुकडा उरला. तो उरलेला तुकडा म्हणजे मी. तंबूला आखूड, घरकामाला लांब. धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

दुकानाच्या कोपऱ्यात मी वेटोळं घालून पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचं, मला उचलायचं, लांबी बघायचं आणि नाक मुरडून परत टाकायचं. माझी कदर करणारी एकच होती, दुकानातली मांजर. ती माझ्यावर झोपायची. अंगाखाली घेण्यापुरती का होईना, कोणाला तरी आपली गरज आहे, यावर मी दिवस काढत होतो.

मग एक दिवस ताई आल्या. उंचीने बेताच्या, आवाजाने दणकट, आणि बाहीवर कसलासा रंग सांडलेला. त्यांनी मला उचललं, दोन्ही हातांनी ताणलं आणि मग एक विचित्र गोष्ट केली. मला चक्क गालावर घासून बघितलं.

“बाई, हे काय करताय?” दुकानदार म्हणाला.

“टोचतो का बघतेय.”

“दोर टोचला तर काय बिघडलं? ओढायचंय काय याने?”

“काही नाही ओढायचं. माझी मुलं धरणार आहेत याला.”

दुकानदाराला काही कळलं नाही. मलाही कळलं नाही. पण गालाला गाल लागला होता ना, मी तिथेच विरघळलो.

ताईंनी मला थेट शिंप्याकडे नेलं. शिंप्याने जुन्या पडद्यांच्या कापडाची जाडजूड कडी माझ्या अंगावर ठरावीक अंतराने शिवली. एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बांगडीएवढं एकेक कडं, लहान मूठ सहज मावेल असं. लाल, हिरवं, निळं, ठिपक्यांचं. सुई टोचत होती तेव्हा मी मनातल्या मनात शिंप्याला काय काय म्हणालो ते तुम्हा लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. पण आरशात स्वतःला बघितलं आणि सगळा राग गेला. असा नटलेला दोर तुम्ही बघितला नसेल.

पाळणाघर म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्या. एका खोलीत जेवण-खेळ, दुसरीत झोप. दाराजवळ चपलांची बुटकी फळी, तिच्या वर खुंट्या आणि शेवटच्या खुंटीवर मी. ताईंच्या मदतीला मावशी होत्या. त्या गुडघ्याला पट्टा बांधून कुरकुरत काम करायच्या, पण रडणारं मूल त्यांच्या मांडीवर गेलं की जादू केल्यासारखं गप्प व्हायचं. रोज सकाळी नाश्ता आटोपला की आमची स्वारी बाहेर पडायची. पुढचं टोक ताईंच्या हातात, मागचं टोक मावशींच्या हातात आणि मधल्या प्रत्येक कड्यात एकेक चिमुकली मूठ. निघण्यापूर्वी ताई ओरडायच्या, “दोर भरला?” आणि पोरं छप्पर उडेल अशी ओरडायची, “भरला!”

रस्त्यावर आमचा काय थाट होता म्हणून सांगू! सायकल दुरुस्त करणारा हातातली ट्यूब उंच करून सलामी द्यायचा. चौकातला हवालदार शिट्टी मारून सगळी वाहनं अडवायचा आणि मोठमोठे साहेब गाडीच्या काचेमागे बोटं वाजवत बसायचे. बेकरीवाला म्हणायचा, “आली बरं का आगगाडी.” आता मी आगगाडी नाही, पण एवढ्या प्रेमाने म्हणतोय तर कशाला दुरुस्त करा?

ताईंचे नियम दोन. एक नियम मुलांसाठी. हात सुटला, चुकामूक झाली, भीती वाटली, तर आपलं कडं धरायचं आणि जागचं हलायचं नाही. कोणी बोलावलं तरी नाही. दोर धरलेल्या मुलाला शोधायला ताई येणारच.

दुसरा नियम मोठ्यांसाठी. सकाळी आई किंवा बाबा मुलाला घेऊन दारात यायचे. मुलाचा हात ताईंच्या हातात देताना त्यांनी मोठ्याने म्हणायचं, “दिला.” ताई म्हणायच्या, “घेतला.” हे दोन्ही शब्द ऐकू आल्याशिवाय कोणीच हात सोडायचा नाही. संध्याकाळी तेच, उलट्या बाजूने. पहिले काही दिवस आईबाप लाजायचे. एक वकील तर इकडेतिकडे बघून पुटपुटायचे. ताई त्यांना सोडायच्याच नाहीत. “कोर्टात एवढा आवाज चढवता, इथे काय झालं?” असं म्हणून त्या हात धरून उभ्या राहायच्या, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हटल्यावर वकीलसाहेब खणखणीत आवाजात म्हणायचे, “दिला!”

एके दिवशी दारात एक आई आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात एक मुलगी, आणि डोळे असे की झोप कधीची रुसलेली असावी. ही आई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांना लागणारे खोटे दात तयार करायचा एक कारखाना होता, तिथे तिचं काम. मुलीचे बाबा मालट्रक चालवायचे, म्हणजे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. आईने सगळे उपाय करून बघितले होते. आधी शेजारीण सांभाळायची, पण तिच्या घरी दिवसभर टीव्ही चालायचा आणि मुलगी जाहिराती तोंडपाठ म्हणायला लागली. मग एका बाईला घरी ठेवलं, तर ती बाई महिन्याभरात लग्न ठरवून मोकळी झाली. मग आईने मुलीला कामावर नेलं. तिथे मुलीने ओल्या साच्यात बोटं घातली आणि कोणा बिचाऱ्याच्या दातांवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटला. त्या दिवसापासून तो उपायही बंद झाला.

“नाव काय तुझं?” ताईंनी विचारलं.

“नाही.”

“आत येतेस?”

“नाही.”

“बरं, मग बाहेरच थांबतेस?”

“नाही!”

“अरे वा, नाहीबाई आल्या!” ताई म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं.

नाहीबाईला कडं निवडायला सांगितलं. ती सगळ्यांना नाही म्हणाली आणि शेवटी पिवळ्यापाशी गप्प बसली. गप्प बसणं हा तिचा होकार. ते पिवळं कडं माझ्या अगदी मागच्या टोकाला, मावशींच्या जवळ होतं. पहिले कितीतरी दिवस ती त्याला धरून रडत रडत चालायची. तिची मूठ सकाळभर ओली असायची आणि माझं ते अंग दुपारपर्यंत वाळायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. पण दोराला काय करता येतं? धरलं तर धरून राहायचं, एवढंच.

मग ताईंनी एक केलं. ताईंची अशी पद्धत होती की फिरायला निघालं की रोज एका मुलाच्या आईच्या किंवा बाबांच्या कामावरून जायचं. आई कुठे जाते हे मुलाला कळलं पाहिजे, त्या म्हणायच्या. एका बाबांचं वजनकाट्यांचं दुकान आम्ही बघितलं, एका आईची टपाल कचेरी बघितली. त्या दिवशी वरात कवळ्यांच्या कारखान्यावर गेली. खिडकीतून नाहीबाईला तिची आई दिसली. पांढरा कोट, नाकावर भिंग, समोर दातांच्या ओळीच्या ओळी. आईने वर बघितलं. मग तिने एक वरची आणि एक खालची कवळी उचलली आणि खटखट वाजवून दाखवली. ती कवळी जणू बोलत होती. पोरं हसून हसून लोटपोट झाली. मी मधल्यामध्ये असा हिंदकळलो की काही विचारू नका.

नाहीबाई हसली. पहिल्यांदा. तिला कळलं, आई नाहीशी होत नाही, ती इथे असते. त्यानंतर सकाळी दारात रडणं थांबलं. ती स्वतःच म्हणायची, “आई, दिली म्हण.” आई म्हणायची, “दिली.” ताई म्हणायच्या, “घेतली.” आणि नाहीबाई चप्पल काढून आत पळायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात आजी आल्या.

आजी म्हणजे नाहीबाईच्या बाबांच्या आई. त्या लांबच्या गावी एकट्या राहायच्या. मनाने प्रेमळ, पण जिभेवर लगाम नाही. त्यातून तोंडात नवीन कवळी, आणि ती सुनेनेच करून दिलेली. आई हसत हसत ताईंना सांगायची, “माझ्याच हातचे दात लावतात आणि मलाच चावायला येतात.”

पहिल्याच सकाळी आजी नातीला सोडायला सुनेबरोबर आल्या. दिली-घेतली ऐकलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“हे काय गं? पोर आहे की भाजीची पिशवी?”

“आजी, आमची पद्धत आहे,” ताई म्हणाल्या.

“असेल. आमच्या वेळी पोरं घरात वाढायची. त्यांची पोच द्यावी लागायची नाही.” मग त्यांची नजर माझ्यावर पडली. “आणि हा दोर कशाला? पोरांना बांधून नेता की काय?”

मित्रांनो, मला असा राग आला! मी बांधत नाही. मला धरतात. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण मला कोण विचारतो?

आजी काही उगाच आल्या नव्हत्या. चपलांच्या फळीपाशी उभं राहून आईने ताईंना सगळं सांगितलं, आणि मी वरच्या खुंटीवरून ऐकलं. आजींना नातीला आपल्या गावी न्यायचं होतं. शाळेत जाईपर्यंत तिथेच ठेवायचं म्हणत होत्या. घर एकटीला खायला उठतं म्हणत होत्या. “आमचे हेही डळमळलेत,” आई म्हणाली. “म्हणतात, तुझी ओढाताण तरी थांबेल. ताई, ओढाताण चालेल मला. पण दिवसभर दात घासून घरी जायचं आणि घरात ही नाही, हे नाही चालणार. मी त्यांना म्हटलंय, आपल्या पाळणाघराची सहल आहे, त्या दिवशी सगळं डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. नाही पटलं तर...” ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. नाहीबाई खाली बसून चपला ओळीत लावत होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

ही सहल वर्षातून एकदा असायची. मुलं, आईबाबा, आजी-आजोबा, सगळे एका बसमधून तळ्याकाठच्या बागेत जायचे. मी सहलीसाठी सकाळीच तयार होतो. आणि माझा अपमान बघा! ताई म्हणाल्या, “आज प्रत्येकाबरोबर आपलं माणूस आहे. आज दोर नको.” मावशी म्हणाल्या, “मग पाण्याच्या पिंपाला बांधू. नाहीतर बसमध्ये लवंडेल.” झालं. मला पिंपाभोवती दोन वेढे दिले आणि पिंप बसच्या मागच्या दारापाशी ठेवलं. माझं मागचं टोक, पिवळ्या कड्यासकट, दाराबाहेर लोंबत राहिलं. वाटलं, हेच बाकी होतं. ज्याने हवालदाराकडून वाहनं थांबवली तो आज पिंपाचा पट्टा झाला.

बस बागेच्या एका टोकाला झाडाखाली उभी राहिली. सगळे उड्या मारत तळ्याकडे गेले. ड्रायव्हरने टोपी तोंडावर घेतली आणि घोरायला लागला. पुढे काय झालं ते मी बघितलं नाही, पण नंतर नाहीबाईच्या घरात ते इतक्या वेळा बोललं गेलं की मला पाठ आहे.

आईच्या हातात नाहीबाईचा हात होता. आईला सतरंजी अंथरायची होती, म्हणून ती म्हणाली, “जा, आजीचा हात धर.” नाहीबाई जाऊन आजीचा हात धरून उभी राहिली. तेवढ्यात पाण्याजवळून बाबा ओरडले, “आई, तिला पाठव इकडे! बदकं बघ किती आलीत!” आजींनी हात सोडला आणि म्हणाल्या, “जा, बाबांकडे जा.” आणि तेवढ्यात बाबांना नावेवाल्याने हाक मारली, म्हणून ते वळले आणि नावेचं विचारायला पलीकडे गेले. दिली कोणी म्हटलं नाही. घेतली कोणी म्हटलं नाही. घरच्या माणसांत कसली आलीय पोच? आईला वाटत होतं मुलगी आजीकडे आहे. आजींना वाटत होतं बाबांकडे आहे. बाबांना वाटत होतं आईकडे आहे. आणि मुलगी कोणाकडेच नव्हती.

मला एवढंच दिसलं की गवतातून एक छोटीशी फ्रॉकवाली एकटी येतेय. डोळे भरलेले, खालचा ओठ बाहेर आलेला, पण रडणं अडवून धरलेलं. ती बसच्या मागे आली, पिंपाकडे बघितलं, मला ओळखलं. मग तिने पिवळं कडं मुठीत धरलं आणि उभी राहिली. मित्रांनो, ती मूठ पहिल्या दिवसांसारखीच ओली होती.

थोड्या वेळाने ती आपल्याशीच म्हणाली, “दोर भरला?” मग माझ्या रिकाम्या कड्यांकडे बघून स्वतःच उत्तर दिलं, “नाही.”

तिकडे आकांत उसळला होता. हाका माझ्यापर्यंत येत होत्या. सगळे तळ्याकडेच बघत होते, कारण अशा वेळी माणसाला पाणीच आधी दिसतं. नावेवाला बूट न काढता पाण्यात उतरला. बाबा काठाकाठाने धावत होते. आई तर पाण्याकडे बघत नुसती उभी होती. आणि आजी ज्याला त्याला धरून सांगत होत्या, “माझ्याच हातात होती हो. मीच सोडली. मीच सोडली.” मला सगळं ऐकू येत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं! ती इथे आहे, माझ्यापाशी आहे, एवढे चार शब्द मला बोलता आले असते तर मी पुढचं सगळं आयुष्य ओल्या चादरी वाळत घातल्या असत्या.

आणि मग ताईंचा तो दणकट आवाज आला.

“दोर कुठाय?”

“अहो, पोरगी हरवलीय आणि दोर काय विचारताय!” कोणीतरी चिडून म्हणालं.

“दोर कुठाय ते सांगा आधी!”

“पिंपाला,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनाही एकदम उमगलं. “अगं बाई! पिंपाला बांधलाय!”

पावलांचा धबधबा बसकडे आला. पुढे ताई, मागोमाग आई, मागे बाबा, आणि धापा टाकत, एका पायात चप्पल नसलेल्या आजी. बसच्या मागे नाहीबाई उभी होती. कडं हातात, जागची हललेली नाही. आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिला इतकं घट्ट धरलं की मधे मीही चेंगरलो. मला आनंद झाला.

“रडू नकोस,” नाहीबाई आईला म्हणाली. “मी हललेच नाही.”

आजी पुढे झाल्या. “चल राणी, चल माझ्याजवळ,” त्या म्हणाल्या आणि नातीचा हात धरला.

“नाही,” नाहीबाई म्हणाली. कडं तिने सोडलं नाही.

“अगं, मी आजी आहे तुझी.”

“नाही.”

आजींचा चेहरा एवढासा झाला. त्यांना वाटलं, आता ही आपल्याकडे कधीच येणार नाही. त्यांनी ताईंकडे बघितलं. आईच्या लक्षात आलं. तिने मुलीचा हात उचलून आजींच्या हातात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, “दिली.”

आजी बघत राहिल्या. मग त्यांचा बांध फुटला. “घेतली गं बाई, घेतली,” त्या म्हणाल्या. “शंभरदा घेतली.”

तेव्हा कुठे नाहीबाईने मला सोडलं.

परतीच्या वाटेवर बसमध्ये आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग सुनेला म्हणाल्या, “मी घरात पोरं वाढवली म्हणून मिरवते. पण आज घरच्या तिघांत मिळून एक पोर सांभाळता आली नाही.” आई म्हणाली, “चूक तिघांचीही आहे, आई.” आजी म्हणाल्या, “असू दे. पण हिला मी नेत नाही. हिला तिथे नेलं तर माझ्या हातातून हिचा हात घ्यायला तिथे आहे कोण? घर रिकामंच. मी एकटी, ती एकटी.” बाबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं आणि नाक पुसलं. ट्रकवाल्यांनाही रडू येतं, मित्रांनो, फक्त ते खिडकीबाहेर रडतात.

आजींनी नातीला नेलं नाही. त्या स्वतःच इथे राहिल्या. मावशींच्या गुडघ्याने सहलीतल्या त्या धावपळीनंतर पुरता संप पुकारला होता. आता मागचं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून आमचं फिरणं बंद पडलं आणि मी खुंटीवर धूळ खात बसलो. मुलं खिडकीच्या गजांना नाकं लावून बघायची. बेकरीवाला दारात येऊन विचारून गेला, आगगाडी रद्द का? मग एका सकाळी आजी आल्या, दिली म्हटलं, घेतली ऐकलं, पण परत गेल्या नाहीत. पायातले बूट दाखवत म्हणाल्या, “घट्ट बांधलेत. ते मागचं टोक द्या माझ्याकडे. बघू पोरं बांधून न्यायला जमतंय का.” ताई हसल्या. मी मात्र मनात म्हटलं, कशी वठणीवर आली!

पुढे कितीतरी वर्षं आजींनी माझं टोक धरलं. दारात कोणी आई-बाबा लाजून पुटपुटले, तर आजी आतून ओरडायच्या, “मोठ्याने! लाज वाटतेय की पोर जड झालीय?” वकीलसाहेबांच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी तर वकीलसाहेब लांबूनच ओरडत यायचे. कवळ्यांच्या खिडकीपाशी आलो की आजी थांबायच्या, सुनेला आपले दात दाखवायच्या आणि सून आतून खटखट वाजवायची.

आता मी खरंच म्हातारा झालो आहे. पाळणाघरात नवा दोर आला. चकचकीत, प्लॅस्टिकच्या कड्यांचा, धुता येणारा. मला भंगाराच्या पोत्यात टाकलं होतं. दोन दिवस मी पोत्यात होतो, आजूबाजूला फुटक्या बाहुल्या आणि बिनचाकाची मोटार. खरं सांगू, खूप वाईट वाटलं. ज्याला पोरांनी घट्ट धरलं त्याला पोत्याने धरावं, हे काही बरं नाही. पण आजींनी बघितलं आणि ताईंशी भांडून मला घरी नेलं. आता मी नाहीबाईच्या घरी दारामागच्या खिळ्यावर असतो.

नाहीबाई उंच झाली आहे. शाळेत जाते. अजूनही पहिलं उत्तर नाहीच असतं. आजींना मात्र आता नीट दिसत नाही. डोळ्यांसमोर धुकं असल्यासारखं वाटतं म्हणतात. हात धरून नेलेलं त्यांना आवडत नाही, फरफटत नेल्यासारखं होतं म्हणे. म्हणून त्या बाहेरच जायच्या बंद झाल्या होत्या. परवा सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी तळ्यावर जायचं ठरवलं, तर म्हणाल्या, “तुम्ही जा. माझं लोढणं कशाला?”

नाहीबाईने मला खिळ्यावरून काढलं, धूळ झटकली आणि पिवळं कडं आजींच्या मुठीत दिलं. पुढचं टोक स्वतः धरलं. आईला खूण केली. आईने आजींचा दुसरा हात उचलला, लेकीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, “दिली.”

“हे काय गं?” आजी म्हणाल्या. “मी काय भाजीची पिशवी आहे?”

पण त्यांनी कडं सोडलं नाही. त्या थांबल्या होत्या. मला कळत होतं, त्या पुढचा शब्द ऐकायला थांबल्या होत्या.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. मला जपा असं मी म्हणत नाही, मी दोर आहे, झिजणं माझ्या नशिबात आहेच. पण कोणाचाही हात सोडण्यापूर्वी क्षणभर थांबा. लहानाचा असो, म्हाताऱ्याचा असो. पलीकडून उत्तर आलंय ना, एवढं ऐका. ते दोन शब्द म्हणायला लाजू नका.

नाहीबाईने आजींचा हात घट्ट धरला.

“घेतली,” ती म्हणाली. “दोर भरला?”

“भरला,” आजी म्हणाल्या, आणि आम्ही तळ्याकडे निघालो.